दार उघडलं की पाणी आत नाही का यायचं?

मावशीला मोबाईलवर फोटो दाखवत होते. म्हणजे फोटो म्हणावं की चित्र म्हणावं हे मला अजून धड ठरवता आलेलं नाही, पण घरात सगळे फोटोच म्हणतात. समुद्र आहे, पहाटेचा, राखाडी, जवळजवळ हलतच नाहीये असा, आणि त्याच्या मधोमध पाण्यात एक दार उभं आहे. नुसतं दार. चौकट आहे, कडी आहे, वरच्या बाजूला एक चौकोनी काच आहे आणि त्या काचेतून पिवळा उजेड येतोय, पण भिंत नाही, छप्पर नाही, मागे सगळं पाणीच पाणी. मावशीने चष्मा नीट केला, दोन बोटांनी ताणून ताणून सगळं बघितलं, खालचं प्रतिबिंब बघितलं, परत वर आली आणि म्हणाली, "अगं, पण दार उघडलं की पाणी आत नाही का यायचं?" मी हसत म्हटलं, "मावशी, खरं नाहीये गं ते, मी जोडलंय." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ते कळतंय मला. पण उघडतं कुठे, आत की बाहेर?" तेवढ्यात तिला कुणाचा तरी फोन आला आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना.

एरवी असं काही दाखवलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. कशात केलंस, किती वेळ लागला, आणि हल्ली सगळ्यात आधी, एआयने केलंय का. त्यांची उत्तरं पाठ झालीत. हे सगळे प्रश्न लांब उभं राहून विचारलेले असतात, कारागिराला विचारलेले असतात. मावशीने खरं-खोटं हा टप्पा एका पावलात ओलांडला आणि ती सरळ त्या पाण्यात उतरली, तिथे गेल्यावर तिला त्या घराची काळजी लागली. कुठलं घर? मी तर घर केलंच नव्हतं. माझ्याकडे फक्त दार होतं. मग तिला ते "आत" दिसलं कुठून, हा किडा तिने माझ्या डोक्यात सोडला आणि स्वतः फोनवर बोलत बसली.

त्या दाराची गोष्ट आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. एक जुनं घर पाडत होते आणि दारं चौकटीसकट काढून बाहेर उभी करून ठेवली होती. त्यातल्या एकाचा रंग खालच्या बाजूला पोपडे धरून सुटला होता आणि आतून आधीचा निळा, त्याच्या आतून अजून आधीचा हिरवा दिसत होता. मी समोर उभी राहून फोटो काढला आणि नशिबाने आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं, त्यामुळे दारावर कुठलीच कडक सावली पडलेली नव्हती. समुद्राचा फोटो आधीच काढलेला होता, तोही ढगाळ पहाटेचा. दोन्ही फोटो काढताना कॅमेरा माझ्या छातीशी होता, आणि ही एक गोष्ट जुळली म्हणूनच ते दार पाण्यात उभं राहिलं. क्षितिजाची रेघ ही नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर त्याच सपाटीवर उभी असलेली दोन मीटरची कुठलीही वस्तू, जवळ असो की लांब, क्षितिज तिला बरोबर दीड मीटरवरच कापणार. माणूस असला तर गळ्या-हनुवटीपाशी, दार असलं तर कडीच्या जरा वर. हे एकदा समजलं की दुसऱ्यांचे जोडलेले फोटो बघताना पहिली नजर तिकडेच जाते. एखादी बाई वाळवंटात उभी असते, सगळं सुंदर, रंग अप्रतिम, पण क्षितिज तिच्या गुडघ्यातून जातं आणि ती एकदम राक्षसासारखी अवाढव्य होते, करणाऱ्याला तसं नको असलं तरी.

मग प्रतिबिंब. सगळ्यांना वाटतं की दार उचलायचं, उलटं करायचं आणि खाली चिकटवायचं. समोरून बघितलेल्या सपाट दाराला ते बऱ्यापैकी चालून जातं, पण ज्या वस्तूला खोली आहे तिला नाही चालत. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे पाण्याखालून वर बघणाऱ्या डोळ्याला जे दिसेल ते. खुर्ची पाण्यात उभी केली तर आपल्याला वरून बसायची जागा दिसते आणि प्रतिबिंबात तिची खालची बाजू दिसते, जी आपण कधी फोटोत घेतलेलीच नसते. माझ्या दाराला वरची चौकट जरा पुढे आलेली होती, तिच्या खालच्या बाजूचा वेगळा फोटो काढावा लागला, खाली बसून, मान वाकडी करून. शिवाय पाणी थोडं जरी हलत असलं तरी प्रतिबिंब उभं ताणलं जातं, आडवं नाही. संध्याकाळी पाण्यावर दिव्यांच्या लांबच लांब पट्ट्या दिसतात त्या ह्याचमुळे. म्हणून काचेतला पिवळा चौकोन खाली पाण्यात चौकोन राहिला नाही, त्याची एक तुटक तुटक पट्टी झाली. ती पट्टी करताना मी संध्याकाळभर मान वर केली नव्हती. लेयर म्हणजे चित्राचा एक थर, आणि त्याचा मास्क म्हणजे त्या थराचा कुठला भाग दिसावा हे ठरवणारा पडदा. त्या मास्कवर काळ्या ब्रशने पुसायचं, पांढऱ्याने परत आणायचं, करड्याने अर्धवट ठेवायचं, लाटेची एक एक रेघ बघून. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये की मास्क ही काय सुखाची गोष्ट आहे. काहीच कायमचं पुसलं जात नाही. पांढऱ्याने फिरवलं की गेलेलं परत येतं.

आणि शेवटी जिथे लाकूड पाण्याला टेकतं ती जागा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कुठल्याही चित्रात. लाकूड ओलं झालं की गडद होतं, म्हणून खालचा वीतभर भाग मल्टिप्लायवर (खालच्या रंगात मिसळून त्याला गडद करणारी सोय) गडद केला, त्याची कड सरळ ठेवली नाही, कारण लाकूड पाणी शोषतं ते रेषांच्या मधून वर चढत चढत. टेकण्याच्या जागी एक बारीक काळी रेघ, अगदी केसाएवढी, कारण दोन वस्तू जिथे एकमेकींना भिडतात त्या फटीत उजेड पोचत नाही. ती रेघ टाकायच्या आधी दार पाण्यावर तरंगत होतं. टाकली आणि दाराला वजन आलं, काही तरी शंभर किलोचं तिथे येऊन उभं राहिल्यासारखं. किती वेळा केलं तरी ह्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो.

बरीच वर्षं मी असं मानायचे की बघणाऱ्याचा डोळा फार कडक असतो आणि सावली जरा जरी चुकीच्या दिशेला गेली तरी त्याला लगेच खटकतं. तसं नाहीये, हे नंतर वाचनात आलं. दृष्टीचा अभ्यास करणारे पॅट्रिक कॅव्हानॉ यांनी २००५ साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं की चित्रकार शतकानुशतकं सावल्यांची दिशा चुकवत आलेत, एकाच चित्रात दोन बाजूंना सावल्या पाडत आलेत, आणि बघणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. सावली आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गडद असली की आपला मेंदू तिला सावली म्हणून स्वीकारतो, दिशेचा हिशोब करत बसत नाही. खोटे फोटो ओळखण्याचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यातले एक हॅनी फरीद, त्यांच्या प्रयोगांतही लोकांना नुसत्या नजरेने चुकीच्या सावल्या नीट ओळखता आल्या नाहीत. त्यांची पद्धत साधी आणि निर्दयी आहे. सावलीतला एक बिंदू घ्यायचा, तो ज्या वस्तूच्या टोकाची सावली आहे त्या टोकापर्यंत रेघ मारायची आणि ती पुढे वाढवायची, अशा दोन-चार रेघा मारल्या की उजेड जिथून येतोय तिथे त्या सगळ्या एकत्र भेटायला हव्यात. नाही भेटल्या तर कुणी तरी काही तरी आणून ठेवलंय. ही पद्धत खोटं पकडण्यासाठी आहे आणि मी ती खोटं नीट उभं करण्यासाठी वापरते, एका वेगळ्या लेयरवर लाल रेघा मारून, आणि काम झालं की तो लेयर बंद करते. बघणाऱ्याला कळणार नसेल तर कशाला एवढं, असं एकाने विचारलं होतं. मला कळतं ना. आणि मला असंही वाटतं की कळणं आणि जाणवणं ह्यात फरक असतो, पण हे सिद्ध करून दाखवता येणार नाही, माझा विश्वास आहे एवढंच म्हणते.

डोळा जे खरंच माफ करत नाही ते वेगळंच असतं. टेकण्याची जागा, ती वर सांगितली. काळ्याचा काळेपणा, म्हणजे लांबच्या वस्तूत खरा काळा कधीच नसतो, मधली हवा त्याला फिकट आणि निळसर करते, आणि आपण मात्र जवळून काढलेलं झाड डोंगराच्या कुशीत नेऊन ठेवतो आणि ते कापून चिकटवल्यासारखं टचकन पुढे येतं. सावलीची कड. सूर्य हा बिंदू नाही, आभाळात त्याची रुंदी अर्धा अंश आहे, त्यामुळे सूर्य डोक्यावर असताना जमिनीपासून एक मीटर वर असलेल्या वस्तूच्या सावलीची कड साधारण ९ मिलिमीटर विरघळलेली असते, आणि जमिनीला टेकलेल्या वस्तूची कड धारदार असते. म्हणजे हवेत तरंगणाऱ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली करकरीत काढली की तो परत जमिनीवर आलाच. आणि चंद्र! चंद्रही आभाळात अर्धाच अंश. साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्सने पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यात काढला तर सेन्सरवर तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान पडतो. छपराएवढा मोठा चंद्र करायला माझी हरकत नाही, मीही करते, पण चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागात चांदण्या दिसल्या की मला बघवत नाही. तो भाग रिकामा नाहीये, तिथे चंद्रच आहे, त्याच्या आरपार चांदणी कशी दिसेल?

लोकांना वाटतं हे सगळं कंप्युटरमुळे आलं. फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली आणि त्यात लेयर तर १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याच्या आधी एकदा चिकटवलं की चिकटलं, मागे फिरायला वाट नाही. पण जोडकामाची हौस फोटोग्राफीच्या जवळजवळ जन्मापासूनची आहे. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे फ्रान्समध्ये समुद्राचे फोटो काढायचा. त्या काळच्या प्लेटा, म्हणजे फोटो घ्यायच्या काचा, निळ्या उजेडाला इतक्या हळव्या होत्या की समुद्र नीट यावा म्हणून थांबलं तर आभाळ पांढरंफटक पडायचं. मग तो आभाळाची निगेटिव्ह वेगळी आणि पाण्याची वेगळी घ्यायचा आणि क्षितिजावर दोन्ही जोडून एक प्रिंट काढायचा. मला ही गोष्ट फार आवडते, कारण जे साध्या डोळ्यांना एका वेळी दिसत होतं तेच दाखवण्यासाठी त्याला जोडकाम करावं लागलं. १८५८ मध्ये हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्ह जोडून एक मरणाच्या दारातली तरुण मुलगी आणि तिच्या भोवतीचे तिचे लोक असा फोटो केला. लोक खवळले. एवढं खाजगी दुःख फोटोत कसं काय आणलं म्हणून खवळले. मुलगी ठणठणीत मॉडेल होती. फोटो खरंच बोलतो हा समज तेव्हा नुकता रुजत होता आणि तेव्हाच त्याला तडा गेला होता.

पण ह्या सगळ्यांत माझा जीव जडलाय तो जेरी उल्समनवर. अमेरिकेत फ्लोरिडात असायचा, २०२२ मध्ये गेला. त्याच्या डार्करूममध्ये एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड पाडून तिचं चित्र कागदावर मोठं करणारी यंत्रं, ओळीने उभे असायचे, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह, एकात झाड, एकात दगड, एकात तळं, एकात हात. फोटोचा एकच कागद तो एकाखालून दुसऱ्याखाली न्यायचा, आणि जिथे उजेड पडायला नको तिथे आड धरायचा. आता ह्यातली खरी गंमत अशी की त्या कागदावर तोपर्यंत काहीही दिसत नाही. कोरा पांढरा कागद असतो, त्याच्यावर झाड पडून गेलंय, तळं पडून गेलंय, पण डोळ्यांना कोराच. डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये बुडवल्यावर हळूहळू कळणार की झाडाची मुळं तळ्यावर नीट उतरली की नाही. नसली तर तो कागद गेला, परत पहिल्यापासून. मी झूम करून चारशे टक्क्यांवर पिक्सेल बघत बसते, कंट्रोल झेड दाबते, डोळा मारल्यासारखं लेयर बंद-चालू करते, आणि हा माणूस आंधळ्यासारखा अंधारात तंतोतंत जागेवर उजेड ओतत होता. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं एकट्याचं प्रदर्शन भरवलं. त्याच्या कामात मला एक गोष्ट कायम दिसते, ती म्हणजे अशक्य एकच असतं. झाड हवेत असेल तर बाकी सगळं साधं, तळं साधं, डोंगर साधा, ढग रोजचे. नवीन शिकणारे (आणि शिकलेलेही) एका फ्रेममध्ये उडणारा मासा, जळतं घड्याळ, पंखवाली बाई, दोन चंद्र सगळं भरतात, आणि मग कशाचंच काही वाटत नाही, कारण जिथे काहीही होऊ शकतं तिथे काळजी कशाची करायची?

काळजीवरून मला एका मैत्रिणीचा फोटो आठवतो. सररिअल, म्हणजे अशक्य, स्वप्नातलं वगैरे काही नाही, उलट एकदम साधा, घरातला. तिच्या भावाच्या लग्नात सगळ्यांनी मिळून काढलेला ग्रुप फोटो, आणि त्यात तिला तिचे बाबा हवे होते, जे काही वर्षांपूर्वी गेले होते. अशी कामं येतात, एडिटिंग येतं असं कळलं की कुणी ना कुणी विचारतंच, आणि नाही म्हणवत नाही. तिने बाबांचा एक जुना प्रिंट दिला, फ्लॅश मारून काढलेला. लग्नातल्या फोटोत उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता. समोरून फ्लॅश पडलेला चेहरा बाजूच्या उजेडात बसवणं म्हणजे चेहरा परत घडवणंच आहे. पन्नास टक्के करडा लेयर घेतला, ओव्हरलेवर ठेवला (म्हणजे त्यावर जिथे गडद फिरवू तिथे खालचं चित्र गडद होतं, फिकट फिरवू तिथे फिकट) आणि उजवा गाल, नाकाची उजवी बाजू, जबड्याखालचा भाग अगदी हलक्या ब्रशने दाबत दाबत नेला. स्कॅनमध्ये कागदाचा जाळीदार पोत उमटला होता तो काढला, मग चेहरा इतका गुळगुळीत झाला की मेणाचा वाटायला लागला, मग लग्नाच्या फोटोतला नॉइज, म्हणजे बारीक दाणेदारपणा, त्याच्यावर परत टाकला. तरी काही तरी राहिलंच होतं. खूप वेळाने दिसलं की बाबांच्या बुबुळांत मधोमध फ्लॅशचा पांढरा ठिपका आहे आणि बाकी सगळ्यांच्या डोळ्यांत डावीकडे खिडकीचा लहानसा चौकोन चमकतोय. ठिपका पुसला, तिथे खिडकी काढली, दोन्ही डोळ्यांत, चार-पाच पिक्सेलची. आणि बाबा त्या खोलीत आले. खोलीत आले म्हणजे खरंच आले असं वाटलं मला, मी खुर्ची मागे सरकवली होती.

मैत्रिणीला अजून एक हवं होतं. बाबांचा हात तिच्या खांद्यावर. हात कुठून आणायचा? कुठल्याच फोटोत तसा नव्हता. मग तिच्या भावालाच त्या खिडकीपाशी उभं केलं, तिच्या खांद्यावर हात ठेवायला लावला आणि फोटो काढला. बोटं तंतोतंत बाबांसारखी होती, ती दोघं स्वतःच बघत राहिली. हात जोडला, बाहीचा रंग जुळवला, खांद्यावर कापड दाबलं गेल्याच्या चुण्या आल्या होत्या त्या तशाच ठेवल्या. उजेड बरोबर, सावली बरोबर, माप बरोबर. तिच्या आईने फोटो बघितला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे असा हात नाही गं ठेवायचे कुणाच्या खांद्यावर. हात मागे बांधून उभे राहायचे." मैत्रिणीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, काकू, बदलून देते. त्या म्हणाल्या, "नको. असू दे. छान दिसतंय." तो फोटो त्यांच्या घरात भिंतीवर आहे. मी तिथे गेले की त्याच्याकडे बघते आणि प्रत्येक वेळी मला आनंदही होतो आणि पोटात काही तरी हलतंही, दोन्ही एकाच वेळी, ह्यातलं एक काढून टाकता आलेलं नाही.

का हलतं, ह्याचा विचार करताना मला असं वाटायला लागलंय की समुद्रातल्या दारापेक्षा हा फोटो जास्त धोकादायक आहे. दार स्वतःच सांगतं की मी खरं नाही. त्याला फसवायचंच नाहीये कुणाला. पण बाबा तिथे असू शकले असते, हात खांद्यावर असू शकला असता. फसवणूक होते ती नेहमी ह्या "असू शकलं असतं"च्या पट्ट्यात. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या पानात बसावेत म्हणून कंप्युटरवर एकमेकांच्या जवळ सरकवले गेले, आणि त्यावरून जो वाद झाला त्याचा दाखला अजून दिला जातो. पिरॅमिड हवेत उडताना दाखवले असते तर एकाने तक्रार केली नसती. थोडेसेच सरकवले म्हणून लोकांचा विश्वास दुखावला. तिच्या घरी आणखी पन्नास वर्षांनी कुणी तरी लहान मूल त्या फोटोकडे बघून म्हणेल की पणजोबा लग्नाला होते, आणि ते खोटं माझ्या हातचं असेल. मैत्रिणीला मी म्हटलं होतं की मागच्या बाजूला लिहून ठेव. तिने लिहिलंय की नाही, विचारायचं धाडस होत नाही.

हल्ली तर वाक्य टाइप केलं की समुद्रातलं दार तयार मिळतं. २०२३ पासून फोटोशॉपमध्येच ती सोय आली, आणि मी ती वापरत नाही असं नाही, फ्रेमच्या कडेला आभाळ कमी पडलं की वाढवून घेते, तारा-खांब काढायला तर फारच उपयोगी. दारही मागवून बघितलं. सुंदर आली दारं, माझ्यापेक्षा चकचकीत. पण काहींमध्ये कडी आणि बिजागऱ्या एकाच बाजूला होत्या. हे सुधारेल, कदाचित तुम्ही वाचेपर्यंत सुधारलंही असेल, त्यामुळे त्यावरून मी काही म्हणत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की त्या दाराबद्दल कुणी मला काही विचारलं तर मला सांगता येणार नाही. माझ्या दाराबद्दल येतं. त्याच्या बिजागऱ्यांच्या गोल नळ्या समोरून दिसतात, डाव्या हाताला तीन, मधली जरा गंजलेली, आणि नळ्या ज्या बाजूला दिसतात त्याच बाजूला दार उघडतं. म्हणजे मावशीला खरं उत्तर देता आलं असतं. बाहेर उघडतं, आपल्याकडे.

आणि पाणी? चौकटीच्या पुढे समुद्र आणि मागेही तोच समुद्र, पातळी एकच, मग उघडलं काय आणि नाही काय, कुठून कुठे जाणार पाणी? मावशीला हे कळत नसेल असं नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पाणी तिलाही दिसत होतं, झूम करून बघितलं होतं तिने. तरीही तिच्यासाठी दारामागे खोली होती, कोरडी, आणि खोलीत कुणी तरी होतं ज्याचे पाय भिजले असते. ही खोली आली त्या पिवळ्या उजेडातून. तो उजेड मी टाकला होता तो निव्वळ रंगासाठी. सगळं चित्र निळं-राखाडी होतं, गारठलेलं, त्याला समोरून एक उबदार ठिपका हवा होता, निळ्याला पिवळा उठाव देतो म्हणून, हे कुणीही पहिल्या महिन्यात शिकतं. घरातल्या बल्बचा रंग घेतला, ३००० केल्विनच्या आसपासचा, काचेच्या कडांवर जरा फुटू दिला, लाकडाच्या आतल्या कडेवर एक बारीक पिवळी रेघ मारली, झालं. माझ्या दृष्टीने तो रंग होता. मावशीच्या दृष्टीने कुणी तरी पहाटे उठून दिवा लावला होता. मी महिनोन् महिने ज्याला सजावट समजत होते त्यातून तिने भिंती उभ्या केल्या, छप्पर घातलं, जमीन कोरडी केली आणि माणूस बसवला, आणि हे सगळं मी न काढता तिला दिसलं. मैत्रिणीच्या आईलाही तसंच झालं होतं, फक्त उलट्या बाजूने. त्यांना मी काढलेला हात दिसलाच नाही, मागे बांधलेले हात दिसले. उजेड, सावली, क्षितिज हे सगळं सांभाळून मी बघणाऱ्याला फक्त उंबऱ्यापर्यंत आणते असं दिसतंय. आत काय आहे ते त्यांचं त्यांच्याकडे असतं.

हे कळल्यापासून काम करायची पद्धत जरा बदलली आहे. आता चित्र अर्धं झालं की मी ते मावशीसारखं बघायचा प्रयत्न करते, म्हणजे तिथे राहणाऱ्याला रोज काय त्रास होत असेल असं. सध्या एक जिना चाललाय, शेतातून निघून सरळ ढगात जाणारा, ह्या कल्पनेत नवीन काही नाही, असे जिने शेकड्यांनी आहेत आणि बहुतेक सगळे कोरे करकरीत आहेत, आत्ताच रंगवल्यासारखे. माझाही तसाच होता. मग विचार आला की हा जिना कुणी चढत असेल तर तो कठडा धरेल. रोज धरेल. ढगाच्या जवळ पायऱ्या ओल्या असणार, तिथे तर घट्ट धरेल. म्हणजे कठड्याचा रंग वरच्या टप्प्यात जास्त उडालेला हवा आणि खाली कमी, आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या हव्यात, पण वरच्या पाच-सहा पायऱ्यांवर शेवाळ हवं, कडेला, जिथे पाय पडत नाही तिथे. ब्रशने काढून बघितलं, नाही जमलं, हाताने झिजलेलं लाकूड ज्या तऱ्हेने चमकतं ते रंगवून येत नाही. म्हणून सध्या झिजलेले कठडे शोधत फिरतेय. ढगाळ उजेडातला हवा, डावीकडून, आणि जिना खालून वर बघून काढलेला, कॅमेरा छातीशी धरून. दोन मिळालेत. एकावर ऊन आहे, त्यामुळे तो बाद. दुसरा बरा आहे पण फार जाड आहे, लहान मुलाच्या मुठीत मावणार नाही, आणि त्या जिन्यावर लहान मूल असणार हे मला आता पक्कं माहितीये.